मर्यादा आणि व्याधी : जुन्या गिटार-ॲम्प्लिफायरच्या जीर्णोद्धाराविषयी

गिटारवादकांच्या बोलण्यात ‘क्लासिक टोन’ हा शब्दप्रयोग इतक्या सहजतेने येतो, की त्याचा अर्थ विचारणारा मनुष्यच अजाण ठरावा. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा एखादा अमेरिकन ॲम्प्लिफायर कोणाच्या तरी माळ्यावरून खाली उतरतो, दुरुस्त होतो, आणि मग त्याच्या आवाजाचे वर्णन ‘ऊबदार’, ‘मधाळ’, ‘तपकिरी’ अशा विशेषणांनी होऊ लागते. विशेषणे कानाला गोड लागतात. परंतु नाणे घेण्यापूर्वी ते वाजवून पाहावे, हा बाजाराचा जुना नियम समीक्षेलाही लागू आहे. हा टोन नेमका कोठे वास करतो? जुन्या लाकडात, जुन्या व्हॉल्व्हमध्ये, की ऐकणाऱ्याच्या आठवणीत? आणि ते यंत्र दुरुस्त करावयाचे झाले, तर त्यातील काय राखावे आणि काय टाकावे? या प्रश्नांचा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

हा विषय केवळ हौशी वादकांचा आहे, असे आमच्या वाचकांनी समजू नये. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी गिटार आहे, आणि ज्यांच्या घरी गिटार नाही त्यांच्याही घरी वडीलधाऱ्यांनी मागे ठेवलेली एखादी वस्तू आहेच. ती दुरुस्त करावी, आहे तशी जपावी, की विकून मोकळे व्हावे, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाला कधी ना कधी पडतो. वस्तू वाद्य असेल, तर प्रश्न अधिकच अवघड होतो. चित्र भिंतीवर टांगून ठेवता येते. वाद्य मात्र वाजले तरच वाद्य असते, आणि वाजले की झिजते.

उदाहरणादाखल आम्ही एकच यंत्र निवडतो : फेंडर कंपनीचा ‘बेसमन’. लिओ फेंडर यांनी १९३८ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी रेडिओ-दुरुस्तीचे दुकान काढले. त्यांचे शिक्षण हिशेबनिसाचे होते, आणि गिटार त्यांना वाजविता येत नसे. तथापि दुरुस्तीला आलेले यंत्र कोठे मोडते हे ज्याने हजार वेळा पाहिले आहे, त्याला यंत्र कसे बांधावे हेही कळू लागते. १९५१ साली त्यांनी विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली, आणि तिचा आवाज सभागृहात पोहोचावा म्हणून पुढच्याच वर्षी ‘बेसमन’ काढला. प्रारंभी त्यात १५ इंचांचा एकच स्पीकर होता. पुढे त्याजागी १० इंचांचे चार स्पीकर आले. प्रवासी बॅगांना लावतात तसल्या ट्वीड कापडाने मढविलेली पाइनच्या लाकडाची पेटी, मागून उघडी, आणि आत ‘५एफ६-ए’ या क्रमांकाची मंडलरचना, असे त्याचे सर्वांत नावाजलेले रूप १९५८ ते १९६० या काळातील आहे.

येथे पहिली गंमत ध्यानात घ्यावी. ज्या कामासाठी हे यंत्र बनले, ते काम त्याला पुरतेपणी जमले नाही. बेस गिटारच्या सर्वांत खालच्या तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४१ असते. इतका खोल स्वर उघड्या पाठीच्या पेटीतील १० इंची कागदी कोनांनी भरदार वठविणे कठीण. परंतु साध्या गिटारची सर्वांत खालची तार याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ८२ कंपनांवर असते, आणि तेथून वर हे यंत्र जे बोलू लागते, ते ऐकून गिटारवादकांनी बेसवाल्यांच्या हातून ते जवळजवळ काढूनच घेतले. शिकागोच्या ब्लूज परंपरेतील बडी गाय यांचे नाव या यंत्राशी कायमचे जोडले गेले आहे. निर्मात्याच्या हेतूपलीकडे कृतीचा अर्थ जातो, हे साहित्याच्या अभ्यासकांना नवे नाही. येथे ते विजेच्या यंत्रात घडले.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. अभियंत्याच्या दृष्टीने ॲम्प्लिफायरचे काम एकच : आत आलेला स्वर तसाच, फक्त मोठा करून बाहेर पाठविणे. त्यात झालेला कोणताही बदल हा दोष. परंतु गिटारच्या इतिहासात हा दोषच गुण होऊन बसला. १९५१ साली मेंफिस येथे ‘रॉकेट ८८’ हे गाणे ध्वनिमुद्रित होत असताना गिटारवादकाच्या ॲम्प्लिफायरचा स्पीकर फाटलेला होता. सॅम फिलिप्स यांनी त्यात कागद कोंबून काम चालविले, आणि त्या फाटक्या, फरफरत्या आवाजासह गाणे लोकांपुढे गेले. १९६४ साली लंडनच्या ‘किंक्स’ या वाद्यवृंदातील डेव्ह डेव्हिस यांनी आपल्या छोट्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कोन पात्याने मुद्दाम चिरला. तेरा वर्षांत अपघाताची रीत झाली होती. यापुढे निर्दोष आवाज हे ध्येय राहिले नाही. कोणता दोष, किती प्रमाणात आणि कोणाच्या हुकमतीत, हा प्रश्न आला.

आपल्या संगीतात वाढलेल्या कानाला ही कल्पना मुळीच परकी वाटू नये. तंबोऱ्याची जवारी ही अशीच गोष्ट आहे. तार घोडीवर स्वच्छ टेकली, तर स्वर स्वच्छ पण रोडका निघतो. घोडीचा माथा अशा बेताने घासलेला असतो आणि तारेखाली दोरा असा सरकविलेला असतो, की कंप पावणारी तार घोडीला पुन्हापुन्हा निसटता स्पर्श करते. त्या स्पर्शातून वरच्या स्वरांची मालिका उमलते आणि तंबोरा बोलू लागतो. ज्याला ‘स्पर्शदोष’ म्हणता आले असते, त्यालाच आपण तंबोऱ्याचा प्राण मानतो. मिरजेचा कारागीर झिजलेली जवारी पुन्हा काढून देतो, तेव्हा तंबोऱ्याचे अस्सलपण गेले, असे कोणी म्हणत नाही. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

बेसमनची ‘जवारी’ कोठे आहे? ती कोणत्याही एका भागात नाही, असे आमचे म्हणणे आहे. वादकाने तार हलकेच छेडली, तर व्हॉल्व्ह तो स्वर बराचसा जसाच्या तसा पुढे पाठवितो. तार जोराने मारली, की व्हॉल्व्हची क्षमता संपते आणि लहरीचा माथा चपटा होतो. मात्र हा माथा कुऱ्हाडीने तोडल्यासारखा एकदम तुटत नाही. तो आधी गोलावतो, मग दबतो. त्यातून मूळ स्वरात नसलेले वरचे स्वर जन्मतात. त्याच क्षणी सगळे यंत्र अधिक वीज मागते, आणि जीझेड३४ या रेक्टिफायर व्हॉल्व्हला व ट्रान्सफॉर्मरला ती मागणी तत्काळ पुरविता येत नाही. दाब किंचित खाली जातो आणि पुन्हा सावरतो. ऐकणाऱ्याला वाटते, की स्वर आधी दबला आणि मग फुलला. पुढे चारही स्पीकर आपल्या ताकदीच्या काठावर काम करीत असतात. त्यांचे कागदी कोनही थोडे वाकतात, पातळ प्लायवूडची पुढची फळी थरथरते, आणि उघड्या पाठीतून निघालेला आवाज खोलीच्या भिंतीवर आदळून परत येतो.

म्हणजे येथे प्रत्येक घटक आपापल्या परीने अपुरा आहे. वीजपुरवठा अपुरा, व्हॉल्व्हची मर्यादा तोकडी, स्पीकर जेमतेम. परंतु हे अपुरेपण एकमेकांना सांभाळून घेते. टोन म्हणतात तो या अपुरेपणांमधील नात्याला. वादकाने हात हलका केला, की तेच यंत्र स्वच्छ बोलते. हात जड केला, की ओरडते. म्हणून जाणते वादक या यंत्राला ‘हाताला उत्तर देणारे’ म्हणतात, आणि आमच्या मते ‘ऊबदार’ वगैरे विशेषणांपेक्षा हे वर्णन कितीतरी अधिक नेमके आहे.

या विवेचनातून जीर्णोद्धाराचा एक निकष हाती येतो. यंत्राची मर्यादा आणि यंत्राची व्याधी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मर्यादा यंत्राबरोबर जन्मली. व्याधी काळाने दिली. मर्यादा राखावयाची, व्याधी काढावयाची. हे सांगणे सोपे आहे. यंत्र उघडून समोर ठेवले, की कोणती मर्यादा आणि कोणती व्याधी, हे ओळखण्यातच सारे कौशल्य आहे.

निर्विवाद व्याधींपासून आरंभ करू. व्हॉल्व्हच्या यंत्रात घरातल्या विजेपेक्षा कितीतरी जास्त दाब तयार होतो. बेसमनमध्ये तो ४०० व्होल्टच्या वर असतो. त्या प्रवाहातील चढउतार गुळगुळीत करण्याचे काम इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर करतात. यांच्या आत ओलसर रसायन असते, आणि ते दहावीस वर्षांत सुकू लागते. साठ वर्षांनंतर त्यांच्याकडून काही अपेक्षा ठेवणे म्हणजे वाळलेल्या विहिरीत घागर सोडणे होय. सुकलेल्या कंडेन्सरमुळे आवाजाखाली एक जाड गुणगुण ऐकू येते, खालचे स्वर सैल पडतात, आणि शेवटी कंडेन्सर फुटून ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. हे कंडेन्सर बदललेच पाहिजेत. ते ‘मूळचे’ आहेत म्हणून राखणारा मनुष्य यंत्राचा भक्त असेल. पण हितचिंतक नव्हे.

दुसरी व्याधी अधिक छुपी असते. एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे स्वर नेणारे छोटे कंडेन्सर असतात. त्यांनी स्वर जाऊ द्यावा आणि स्थिर दाब अडवावा, अशी योजना असते. जुनेपणी ते गळू लागतात. थोडा स्थिर दाब पुढे झिरपतो आणि पुढच्या व्हॉल्व्हचा बायस बिघडवितो. परिणामी ५८८१ हे शक्तीचे व्हॉल्व्ह अकारण तापतात आणि आवाज गढूळ होतो. हा गढूळपणा कित्येकांना ‘जुना टोन’ वाटतो. येथे समीक्षकाने कान आणि मीटर दोहोंचीही साक्ष घ्यावी. जो कंडेन्सर गळत नाही, तो जुना असला तरी बदलू नये. जो गळतो, तो कितीही दुर्मीळ असला तरी ठेवू नये. तसेच जुने कार्बनचे रेझिस्टर काळाने आपले मूल्य वाढवीत जातात. थोडा फरक पडला असेल तर दुर्लक्ष करावे, दीडपट झाला असेल तर बदलावे, आणि करकरत असेल तर विचारच करू नये. हे सर्व भाग ज्या काळ्या फायबर-बोर्डवर बसविलेले असतात, तो बोर्डही दमटपणा शोषून घेतो, आणि मग जेथे वीज जाऊ नये तेथे ती झिरपू लागते. कोकणच्या पावसाळ्यात लाकडी कपाटातले कपडेही कसे दमट होतात, हे जाणणाऱ्या आमच्या वाचकांना याहून अधिक सांगावयास नको.

तिसरी व्याधी जीविताशी संबंधित आहे, म्हणून तिच्याविषयी स्पष्ट लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो. त्या काळच्या अमेरिकन ॲम्प्लिफायरला दोनच तारांची वायर असे, अर्थिंग नसे. गुणगुण कमी व्हावी म्हणून विजेच्या एका तारेपासून यंत्राच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत एक कंडेन्सर जोडलेला असे. तो बिघडून आतल्या आत जुळला, तर वीज थेट सांगाड्यात, तेथून गिटारच्या तारांत आणि तेथून वादकाच्या हातात येते. समोरचा मायक्रोफोन अर्थिंगला जोडलेला असेल, तर वादकाचा ओठ त्याला लागताच मंडल पूर्ण होते. अमेरिकेतील मेकॅनिक या कंडेन्सरला ‘मरणाचा कंडेन्सर’ म्हणतात, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. गिटार, मायक्रोफोन आणि सदोष अर्थिंग यांच्या संयोगाने रंगमंचावर माणसे मेली आहेत. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस्ली हार्वे प्रेक्षकांसमक्ष विजेच्या धक्क्याने मरण पावले. म्हणून हा कंडेन्सर काढून टाकावा आणि तीन तारांची वायर घालून सांगाडा अर्थिंगला जोडावा. येथे अस्सलपणाचा प्रश्नच उद्भवत नाही. कोणताही टोन माणसाच्या जिवाइतका मोलाचा नाही. शिवाय हे यंत्र अमेरिकेतील ११७ व्होल्टच्या हिशेबाने बांधलेले आहे. आपल्याकडच्या २३० व्होल्टला ते थेट जोडले, तर क्षणात जळेल. त्यासाठी योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा. बंद केलेल्या यंत्रातही कंडेन्सर प्राणघातक दाब धरून ठेवतात, तेव्हा ज्याला हे काम येत नाही त्याने पाठ उघडू नये. जाणता मेकॅनिक असे यंत्र प्रथम सिरीज बल्ब लावूनच चालू करतो. बल्ब लख्ख पेटून राहिला, तर आत कोठेतरी शॉर्ट आहे असे समजावे.

व्याधींची ही यादी संपली, की मर्यादांचे प्रकरण सुरू होते, आणि खरे मतभेद येथे आहेत. दुरुस्ती करणाऱ्याला सुधारणेचा मोह होतो. रेक्टिफायर व्हॉल्व्हमुळे दाब पडतो ना? मग त्याच्या जागी डायोड घालू. मूळचे कंडेन्सर कमी क्षमतेचे आहेत? मग दुपटी-चौपटीचे घालू. स्पीकर ताकदीच्या काठावर आहेत? मग तिप्पट ताकदीचे बसवू. प्रत्येक सुधारणा कागदावर बिनतोड आहे. परंतु डायोड घातला, की दाब वाढतो आणि तो दबून फुलणारा स्वर नाहीसा होतो. पहिला कंडेन्सर अवाजवी मोठा घातला, तर खालचे स्वर कडक होतात, आणि चालू करताना रेक्टिफायरवर असह्य ताण येतो. जीझेड३४ च्या निर्मात्यांनी ही मर्यादा ६० मायक्रोफॅरडची सांगितली आहे. दणकट स्पीकर घातले, की ते न वाकता जड आवाज काढतात. अशा रीतीने एकेक अपुरेपण दूर केलेले यंत्र अधिक सशक्त होते, अधिक विश्वासार्ह होते आणि मुके होते. आवाज येतो, बोलणे थांबते.

उलट टोकाला दुसरा पंथ आहे. या पंथाचे लोक कशालाच हात लावू देत नाहीत. सोल्डरचा प्रत्येक ठिपका, कापडावरचा सिगारेटचा डाग, वाळलेला कंडेन्सर, सर्व पवित्र. संग्राहकांच्या बाजारात अशा ‘अस्पर्शित’ यंत्राला अधिक भाव येतो, हे या श्रद्धेमागचे एक कारण आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. हे यंत्र बहुधा काचेआड राहते. त्याचा टोन कसा आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. कारण ते वाजविणे धोक्याचे असते.

हा वाद ॲम्प्लिफायरवाल्यांनी निर्माण केलेला नाही. एकोणिसाव्या शतकात तो जुन्या चर्चच्या इमारतींवरून झाला. इंग्लंडचे जॉन रस्किन यांनी १८४९ साली आपल्या ‘सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथात जीर्णोद्धार म्हणजे असत्य, अशी कडक भूमिका घेतली. फ्रान्सचे व्हिओले-ल-द्यूक यांची भूमिका याच्या उलट होती. इमारत पूर्वी कधीही नसेल इतक्या परिपूर्ण अवस्थेत तिला आणण्यास त्यांची हरकत नव्हती. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथीड्रलवर १८५९ साली त्यांनीच नवा मनोरा चढविला. १५ एप्रिल २०१९ रोजी तो मनोरा जळून कोसळला, तेव्हा आज तो कसा बांधावा यावर जगभर चर्चा झाली, आणि अखेर व्हिओले-ल-द्यूक यांच्याच आराखड्याप्रमाणे ओकच्या लाकडात तो पुन्हा उभारण्यात आला. एकेकाळची ‘सुधारणा’च आता ‘मूळ’ ठरली होती. त्याच कॅथीड्रलमधील ऑर्गनची हकीकत आमच्या विषयाला अधिक जवळची आहे. कावाय्ये-कोल यांनी १८६८ साली नव्याने घडविलेल्या या ऑर्गनमध्ये त्याहून जुन्या नळ्याही सामावलेल्या होत्या. आगीतून तो वाचला. पण शिशाच्या धुळीने भरला. सुमारे ८,००० नळ्या काढून, स्वच्छ करून पुन्हा बसविण्यात आल्या. आणि एवढ्यावर काम संपले नाही. बसविलेली प्रत्येक नळी कानाने ऐकून पुन्हा बोलती करावी लागली. त्या कामाला कित्येक महिने लागले. डिसेंबर २०२४ मध्ये कॅथीड्रल उघडले, तेव्हा ऑर्गन वाजला. धूळ ही व्याधी होती, ती काढली. नळ्यांचा स्वभाव ही मर्यादा होती, ती राखली. आणि अंतिम निवाडा कानाने दिला.

आमच्या सिद्धांताविरुद्ध एक आक्षेप घेता येईल, आणि तो बळकट आहे. टोन जर भागांत नसून त्यांच्या नात्यात असेल, तर त्याच आराखड्यावरून बांधलेले दुसरे यंत्र तसेच बोलले पाहिजे. लंडनमध्ये नेमका हा प्रयोग झाला. हॅनवेल भागात जिम मार्शल यांचे ड्रमविक्रीचे दुकान होते. तेथे येणाऱ्या गिटारवादकांना फेंडरचे महागडे ॲम्प्लिफायर परवडत नसत. म्हणून १९६२-६३ च्या सुमारास केन ब्रॅन, डडली क्रेव्हन आणि मार्शल यांनी बेसमनचीच मंडलरचना घेऊन ‘जेटीएम ४५’ हा ॲम्प्लिफायर बांधला. आराखडा जवळजवळ तोच. पण ट्रान्सफॉर्मर इंग्रजी, पहिल्या व्हॉल्व्हच्या जागी अधिक जोर देणारा ईसीसी८३, आणि उघड्या पाठीच्या पेटीऐवजी बंद पाठीच्या पेटीत सेलेस्टियन कंपनीचे १२ इंची चार स्पीकर. आवाज अगदी वेगळा आला : अधिक दाट, अधिक लवकर ओरडणारा. १९६६ साली जॉन मेयॉल यांच्या ‘ब्लूज ब्रेकर्स’ या ध्वनिमुद्रिकेत एरिक क्लॅप्टन यांनी मार्शलचाच ॲम्प्लिफायर मोठ्या आवाजात वाजविला, आणि रॉक संगीताला एक नवा स्वर मिळाला.

तेव्हा भागांना महत्त्व नाही, असे कसे म्हणावे? आम्ही तसे म्हणत नाही. भाग बदलला की त्याची मर्यादा बदलते, मर्यादा बदलली की इतरांशी असलेले तिचे नाते बदलते, आणि टोन बदलतो. मार्शलच्या उदाहरणाने आमचा सिद्धांत मोडत नाही. उलट स्पष्ट होतो. स्पीकर आणि पेटी यांनी आवाजात जो फरक पडतो, त्यापुढे कंडेन्सरच्या रंगाने पडणारा फरक नगण्य आहे. आणि तरीही बाजारात सर्वांत जास्त वाद कंडेन्सरच्या रंगावरून होतात. ज्या भागाचे महत्त्व कमी, त्याची दंतकथा मोठी, असाच हा प्रकार आहे. दुसरेही एक सत्य यातून दिसते : मार्शल यांनी अस्सल नकल करण्याचा हट्ट धरला असता, तर संगीताला एक आवाज कमी मिळाला असता. मात्र नवे यंत्र बांधणे वेगळे आणि जुने यंत्र दुरुस्त करणे वेगळे. नव्या कवीला पूर्वसुरींची ओळ वळविण्याचे स्वातंत्र्य आहे. जुन्या पोथीची प्रत करणाऱ्याला ते नाही.

पोथीची उपमा आम्ही सहज वापरलेली नाही. पाठचिकित्सा करणारा संपादक प्रथम हस्तलिखिताचा काळ ठरवितो, मग लेखनिकाच्या चुका आणि कवीचे विशेष यांत भेद करतो. ॲम्प्लिफायरच्या बाबतीतही हेच करावे लागते, आणि त्याची साधने यंत्रातच असतात. फेंडरच्या पेटीत चिकटविलेल्या व्हॉल्व्हच्या तक्त्यावर दोन अक्षरांचा शिक्का असे. पहिले अक्षर वर्षाचे, दुसरे महिन्याचे. ‘ए’ म्हणजे १९५१ असा हिशेब धरला, तर ‘आय-सी’ म्हणजे मार्च १९५९. आवाजाच्या खुंट्या, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर यांवरही अंकांची मालिका असते; तिचे पहिले तीन अंक कारखान्याचे आणि पुढचे वर्ष व आठवड्याचे. २२० ने आरंभ झाला, तर तो स्पीकर जेन्सन कंपनीचा. हे सर्व अंक जुळले, की कोणता भाग मूळचा आणि कोणता नंतरच्या हाताने घातलेला, हे कळते. मात्र ‘नंतरचा’ म्हणजे ‘वाईट’, असा निष्कर्ष घाईने काढू नये. एखाद्या वादकाने तीस वर्षांपूर्वी बदललेला स्पीकर त्या यंत्राच्या आयुष्याचाच भाग झालेला असू शकतो.

आता नव्या पर्यायांकडे पाहू. १९६५ च्या प्रारंभी लिओ फेंडर यांनी आपली कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. पुढे मालकी पुन्हा बदलली, आणि १९९० साली नव्या व्यवस्थापनाने बेसमनची पुनरावृत्ती बाजारात आणली. तीत हाताने जोडलेल्या तारांऐवजी छापील सर्किट बोर्ड होता. २०१९ साली त्याच कंपनीने आपल्या दुसऱ्या जुन्या ॲम्प्लिफायरांचे संगणकी रूपही काढले. त्यात व्हॉल्व्ह नाहीतच, त्यांच्या वर्तनाचे गणित आहे. असे यंत्र वजनाला हलके, जिवाला निर्धोक आणि खिशाला सोसणारे असते. चर्चच्या गायनवृंदातील ज्या मुलाला दर रविवारी ॲम्प्लिफायर उचलून न्यावयाचा आहे, त्याने ते वापरण्यात काहीच गैर नाही. किंबहुना जुन्याचा सोस करून त्याच्या पालकांनी कर्ज काढणे गैर होईल. परंतु गणितालाही शिकावयाला मूळ यंत्र लागते. मूळ यंत्र चुकीचे दुरुस्त झालेले असेल, तर त्याची चूक हजारो प्रतींत शिरते. म्हणून जुनी यंत्रे नीट राखली जाणे हे ज्यांच्याकडे ती नाहीत, त्यांच्याही हिताचे आहे.

व्हॉल्व्हचा प्रश्न राहिला. ज्या आरसीए, मुलार्ड इत्यादी कारखान्यांनी हे व्हॉल्व्ह बनविले, ते त्या उद्योगातून केव्हाच बाहेर पडले. आपल्याकडे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एके काळी व्हॉल्व्ह बनविले. ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता आणि बातम्या लागण्यापूर्वी तो तापावा म्हणून आधी लावून ठेवण्याची रीत होती, त्यांना तो नारिंगी उजेड आठवत असेल. आज प्रामुख्याने रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथे व्हॉल्व्ह तयार होतात. २०२२ च्या मार्चमध्ये रशियाच्या निर्यातबंदीमुळे जगभरच्या गिटारवादकांत काही काळ घबराट पसरली, ती यामुळेच. एका कलेचा आवाज तीनचार कारखान्यांवर अवलंबून राहावा, ही स्थिती चिंताजनक आहे. व्हॉल्व्ह झिजणे ही मात्र व्याधीही नाही आणि मर्यादाही नाही. दिव्यातील वातीसारखा तो संपण्यासाठीच घातलेला असतो. तो बदलण्यात अपराध नाही.

आता निष्कर्ष थोडक्यात मांडतो. १९६४ च्या व्हेनिस सनदेने ऐतिहासिक इमारतींसाठी एक विवेक सांगितला आहे : जेथे अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धाराने थांबावे, आणि नवा घातलेला भाग नवा म्हणून ओळखता यावा. ॲम्प्लिफायरला हाच विवेक लावावा. जिवाला धोकादायक ते निःशंक काढावे. सुकलेले, गळणारे, जळके बदलावे. परंतु बदलताना मूळ मूल्ये कायम ठेवावीत, सुधारणा करू नये. फाटलेला स्पीकर शक्य तो दुसरा कोन बसवून राखावा, कारण आवाजाचा मोठा वाटा त्याचाच आहे. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून पेटीतच ठेवावा, आणि काय केले याची तारखेसह नोंद आत चिकटवावी, म्हणजे पुढच्या हाताला आपले काम तपासता येईल, हवे तर उलटविता येईल. वेगळा आवाज हवा असेल, तर यंत्राबाहेर काही करावे. नील यंग हे आपल्या ट्वीड काळातील ‘डिलक्स’ ॲम्प्लिफायरवर अनेक दशके वाजवीत आले आहेत. वाजविताना त्याच्या खुंट्यांची जागा बदलावयाची असते, तेव्हा त्यासाठी त्यांनी आतली रचना बदलली नाही. पायाने दाबल्यावर बाहेरून खुंट्या फिरविणारे एक यंत्र करवून घेतले. जुन्या वस्तूशी कसे वागावे, याचा याहून सभ्य नमुना आम्हांस ठाऊक नाही.

सर्वांत शेवटचा नियम असा, की दुरुस्त झालेला ॲम्प्लिफायर वाजवावा. कापड झाकून कोपऱ्यात ठेवलेल्या यंत्राचे कंडेन्सर वापरात असलेल्यापेक्षा लवकर खराब होतात. हे केवळ सुभाषित नाही, रसायनशास्त्र आहे. लिओ फेंडर यांनी ते पुजण्यासाठी बनविले नव्हते, आणि विकून भाव करण्यासाठी तर नव्हतेच. शनिवारी रात्री एखाद्या नृत्याच्या कार्यक्रमाला चारचौघांच्या खांद्यावरून जावे, घामेजल्या हातांनी वाजावे, सोमवारी बिघडले तर दुरुस्तीला यावे, इतकाच त्यांचा हिशेब होता. ‘क्लासिक’ हा शब्द आपण नंतर चिकटविला. ज्या दिवशी ते यंत्र केवळ ‘क्लासिक’ म्हणून उरेल आणि कोणाच्याही हाताला उत्तर देणार नाही, त्या दिवशी त्याचा प्रत्येक भाग मूळचा असला, तरी टोन गेलेला असेल.